पीएचपी सोर्समधून बांधतोय, रोज नवी एरर (जिनिंगचा काटा अडलाय)

सरकी_रुई · सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. धरणगाव तालुक्यात मामांची छोटी जिनिंग आहे. गेटपाशी वजनकाटा, काट्याच्या खोलीत एक जुना पीसी आणि त्यावर काटापावतीचा प्रोग्राम. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, शेतकऱ्याचं नाव, भाव, की निघाली पावती. पीएचपी या भाषेत लिहिलेला आहे. लिहिणारा आता संपर्कात नाही. हंगाम संपता संपता हार्डडिस्क गेली. बॅकअप होता म्हणून वाचलो. आधी सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) होतं, त्याचा आधार ३० जून २०२४ लाच संपला, म्हणून नव्या डिस्कवर डेबियन १२ हे दुसरं लिनक्स टाकलं.

डेबियन १२ सोबत पीएचपी ८.२ येतं. आमचा प्रोग्राम ७.४ वाला, ८.२ वर पहिल्याच पानाला आडवा होतो. म्हणून ७.४.३३ चा सोर्स (मूळ कोड) आणला, स्वतः बांधायला बसलो आणि वनवास सुरू झाला.

आजवरचा हिशेब असा. सर्व्हरवरून (म्हणजे त्याच पीसीवरून) डब्ल्यूगेट या कमांडने काही उतरवायला गेलो तर म्हणतं समोरच्याचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. पॅकेजं आणणाऱ्या ॲप्टला अपडेट दिलं तर म्हणतं रिलीज फाइल अजून वैध नाही. नेट मोबाइलचं आहे, केबल लावून. वाटलं मोबाइल कंपनीचीच काही भानगड. नाद सोडला आणि लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हने न्यायला लागलो. जीसीसी (कंपायलर), लिबएक्सएमएल आणि एसक्यूलाइटची डेव्ह पॅकेजं डेबियनच्या डीव्हीडीवर सापडली. ओनिगुरुमा (पीएचपीला लागणारी लायब्ररी) सापडलं नाही, म्हणून त्याचाही ताजा सोर्स आणला. त्याचा गठ्ठा सोडताना टार ही कमांड प्रत्येक फाइलपुढे बडबडतं की हिची वेळ भविष्यातली आहे. त्याचं कॉन्फिगर (बांधणीआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) तर पहिल्याच तपासणीत थांबतं, म्हणे नवी बनवलेली फाइल गठ्ठ्यातल्या फायलींपेक्षा जुनी आहे.

(इथे रोमन अक्षरं चिकटवली की नुसते खोके उमटतात. म्हणून कमांडी, एररी सगळं देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या.)

चार अडचणी चार दिशांच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

वरणबट्टी · सोमवार, रात्री ११:०२

मे महिन्यात काट्याच्या पत्र्याच्या खोलीत बसून कंपाइल? भाऊ, तुले इनाम द्यायला पाहिजे. उत्तर माहीत नाही, पण धागा वाचतोय.

पुण्यातला_खान्देशी · सोमवार, रात्री ११:२०

सोर्समधून बांधायचे दिवस गेले रे. डॉकर (प्रोग्राम तयार डब्यातून चालवतं ते) टाक, ७.४ ची तयार इमेज ओढ, दहा मिनिटांत काम. मी ऑफिसात गेल्या ५ वर्षांत एकदाही मेक (सोर्स बांधायची कमांड) चालवलेलं नाही.

तापीकाठचा · मंगळवार, सकाळी ६:४०

आधी एक विचारू का? प्रोग्राम ८.२ वर नेमका कशाने पडतो? ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, त्यानंतर सुरक्षेची दुरुस्तीही बंद. नव्या मशीनवर मुद्दाम मेलेली आवृत्ती बांधायची तर कारण तसं पाहिजे.

सरकी_रुई · मंगळवार, सकाळी ९:१५

काका, ‘ईच’ नावाचं फंक्शन नाही म्हणतो. ते काढून पाहिलं तर पुढे महिरपी कंसावर अडतो. स्ट्रिंगमधलं एक अक्षर काढायला त्याने सगळीकडे महिरपी कंस वापरलेत. १४० च्या वर फायली आहेत.

तापीकाठचा · मंगळवार, सकाळी ९:४०

बरोबर. दोन्ही गोष्टी ७ मध्ये जुनाट ठरवल्या होत्या, ८.० मध्ये काढूनच टाकल्या. बदलणं अवघड नाही, पण ८ मध्ये आकडा आणि मजकूर यांची तुलना करायची रीतही बदलली आहे. ती एरर देत नाही, गुपचूप उत्तर बदलते. वजन आणि भावाच्या प्रोग्राममध्ये हे जिवावरचं आहे. तेव्हा आत्ता ७.४ बांध, दिवाळीआधी कापूस येण्याच्या आत सावकाश ८ वर ने. मशीन बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नकोस म्हणजे झालं.

नंदुरबारची_मिरची · मंगळवार, दुपारी १:०५

सरकीभाऊ, तुम्ही चार अडचणी लिहिल्यात, मला एकच दिसतेय.

कॉन्फिगरच्या त्या एररच्या शेवटी आणखी चार शब्द असतात. ते तुम्ही इथे लिहिले नाहीत, बहुतेक वाचलेही नाहीत. ते शब्द असे: ‘चेक युअर सिस्टिम क्लॉक’. सर्टिफिकेट ‘अजून सुरू झालं नाही’, रिलीज फाइल ‘अजून वैध नाही’, टारची वेळ ‘भविष्यातली’. प्रत्येक जण एकच सांगतोय की तुमचं मशीन भूतकाळात आहे.

आणखी एक खूण बघा. पीएचपीचा गठ्ठा सुटताना टार बडबडलं नाही, ओनिगुरुमाचा सुटताना बडबडलं. ७.४.३३ नोव्हेंबर २०२२ चं आहे, ओनिगुरुमा तुम्ही ताजं आणलं. म्हणजे तुमच्या सर्व्हरची ‘आज’ या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे.

नुसतं ‘डेट’ टंका आणि काय येतं ते लिहा. आणि मशीन चालू करताना ते काही विचारतं का?

सरकी_रुई · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

ताई, दंडवत. डेट दिलं तर १४ सप्टेंबर २०२३. मी याआधीही एकदा पाहिलं होतं, पण नजर फक्त तास-मिनिटांवर गेली. वर्षाकडे कोण बघतं!

आणि हो, चालू करताना एफ१ दाबा म्हणतं. मला वाटलं कीबोर्ड जुना आहे म्हणून. दोन वर्षांपासून दाबतोय.

अजून एक गंमत सांगतो. लॉग उघडून पाहिले तर रोज सकाळी मशीन १४ सप्टेंबरलाच सुरू झालंय. संध्याकाळी मेन स्विच पाडतात, सकाळी परत १४ सप्टेंबर.

वरणबट्टी · मंगळवार, संध्याकाळी ७:४१

म्हणजे तुन्हा सर्व्हरले रोज तोच दिवस उजाडस! आमना ऑफिसमा बी तशेच शे, पण पगार तरी महिन्याले येस.

नंदुरबारची_मिरची · मंगळवार, रात्री ८:१०

एफ१ हीच गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये यायला हवी होती :)

मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना मशीनचं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला की मेन स्विच पाडल्याबरोबर घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. ती तारीख २०२३ पेक्षाही बरीच जुनी असणार. पण सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा मुख्य प्रोग्राम) स्वतः बांधला गेला त्या वेळेच्या मागे घड्याळ जाऊ देत नाही, ओढून तिथपर्यंत आणतो. म्हणून रोज तीच तारीख. तारीख १९८० किंवा २००९ दिसली असती तर तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. २०२३ अंगवळणी पडलेलं वर्ष आहे, तिथेच फसलात.

एक कळत नाही. मोबाइलचं नेट लागल्यावर टाइमसिंकडीने (नेटवरून वेळ जुळवणारी सर्व्हिस) वेळ आपोआप दुरुस्त करायला हवी होती. ते बंद केलंय का?

सरकी_रुई · मंगळवार, रात्री ८:२५

...केलंय. एका व्हिडिओत पाहिलं होतं की या या सर्व्हिसा बंद केल्या तर मशीन लवकर सुरू होतं.

तापीकाठचा · बुधवार, सकाळी ६:३५

होऊ दे. सेल बदल. टाइमसिंकडी परत चालू कर. मग ‘एचडब्ल्यूक्लॉक’ कमांडला ‘सिसटूएचसी’ देऊन बरोबर वेळ मदरबोर्डमध्ये उतरव. त्यानंतर अर्धवट बांधलेले सगळे फोल्डर उडव आणि गठ्ठे नव्याने सोड. मेक सगळं काम फायलींच्या वेळेवरून ठरवतं. सोर्स नवा की त्यातून बनलेलं ऑब्जेक्ट नवं, एवढंच बघतं. वेळच खोटी असली की जे बांधायला हवं ते सोडून देतं आणि नको ते परत बांधतं. ‘क्लॉक स्क्यू’ (घड्याळ जुळत नाही) असा इशारा येऊन गेला असेल बघ.

सरकी_रुई · बुधवार, दुपारी ३:१०

आला होता! आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं मेक दुसऱ्या सकाळी सुरू केलं की यायचा. वॉर्निंगच आहे म्हणून सोडून दिलं होतं.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला. दुकानदाराने विचारलं कोणत्या घड्याळाला पाहिजे, म्हटलं कॉम्प्युटरच्या. ॲप्ट अपडेट एका दमात झालं. लिबओनिग-डेव्ह, म्हणजे ओनिगुरुमाचं पॅकेज, पाच सेकंदांत आलं. मी त्याच्यासाठी तीन दिवस पेनड्राइव्ह घेऊन मोटारसायकलवर ये-जा केली आहे.

@पुण्यातला_खान्देशी, डॉकरची इमेज पण आली नसती ना मग?

पुण्यातला_खान्देशी · बुधवार, दुपारी ३:३०

नसती आली. सर्टिफिकेटवरच अडलं असतं. मान्य.

भुसावळ_जंक्शन · बुधवार, संध्याकाळी ६:००

धाग्यात घुसतोय, माफ करा. नवीन सर्व्हरवर रेडिस (मेमरीतला डेटाबेस) बांधत होतो. आधी म्हणालं सीसी कमांड सापडत नाही. जीसीसी टाकला, परत मेक दिलं, आता म्हणतं जेमॅलॉक या मेमरी सांभाळणाऱ्या लायब्ररीची हेडर फाइल नाही. ॲप्टमध्ये जेमॅलॉकचं डेव्ह पॅकेज टाकलं तरी तेच. माझं घड्याळ बरोबर आहे, बघितलं :)

तापीकाठचा · बुधवार, संध्याकाळी ६:२०

‘मेक डिस्टक्लीन’ दे, मग मेक. रेडिस स्वतःचं जेमॅलॉक ‘डेप्स’ फोल्डरमध्ये सोबत घेऊन येतं. पहिल्यांदा कंपायलर नव्हता तेव्हा ते बांधलं गेलं नाही, पण सेटिंग मात्र लिहून ठेवली गेली. दुसऱ्या वेळी मेकला वाटतं की ते काम झालेलं आहे. बाहेरून पॅकेज टाकून उपयोग नाही.

भुसावळ_जंक्शन · बुधवार, संध्याकाळी ६:३१

झालं. जाताना चहा ठेवून जातोय.

सरकी_रुई · गुरुवार, रात्री ९:४५

कॉन्फिगर पूर्ण झालं, शेवटी धन्यवादची ओळ आली. शेवभाजी मागवली. मग ‘मेक -जे४’ दिलं आणि हे आलं. शेवटच्या ओळी टंकतोय:

‘...इज डेप्रिकेटेड: सिन्स ओपनएसएसएल ३.०’ अशा वॉर्निंगी, मोजल्या नाहीत पण पडदेच्या पडदे. मग ‘वेटिंग फॉर अनफिनिश्ड जॉब्ज’. मग पुन्हा वॉर्निंगी. आणि मधे कुठेतरी ‘मेक: एरर १’.

एरर १ म्हणजे काय? शोधलं तर हजार प्रकारची उत्तरं येतात.

नंदुरबारची_मिरची · गुरुवार, रात्री १०:१५

हजार येणारच. ‘एरर १’ ही मेकची ओळ आहे, कंपायलरची नाही. मेक नुसता निरोप्या. मी ज्याला काम सांगितलं तो नापास झाला, एवढंच तो सांगतो. का झाला ते वर कुठेतरी कंपायलरने लिहिलेलं असतं. -जे४ मुळे चार कामं एकदम चालतात, एक पडलं तरी बाकीची तीन आपलं बोलणं पुरं करूनच थांबतात. म्हणून खरी ओळ तळाला नसते.

आउटपुट फाइलमध्ये घ्या. ‘मेक’ पुढे ‘२>&१’, मग पाइप, मग ‘टी बांधणी.लॉग’. त्या फाइलमध्ये वरून खाली येत ‘एरर’ आणि त्याला चिकटलेलं अपूर्णविराम-चिन्ह शोधा. सर्वात पहिली सापडेल ती इथे द्या. बाकी वॉर्निंगींकडे आज बघूच नका.

सरकी_रुई · गुरुवार, रात्री १०:४०

सापडली: ‘आरएसए_एसएसएलव्ही२३_पॅडिंग’ अनडिक्लेअर्ड. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) जोडणाऱ्या एक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये. लिबएसएसएल-डेव्ह टाकलेलं आहे, तरी.

तापीकाठचा · शुक्रवार, सकाळी ६:५०

टाकलेलं आहे म्हणूनच ही एरर आहे. जिनिंगवाल्याला जिनिंगच्या भाषेत सांगतो. लायब्ररी म्हणजे रुईची गाठ आणि हेडर म्हणजे गाठीवरची चिठ्ठी. कंपायलर फक्त चिठ्ठ्या वाचतो, गाठी शेवटी लिंकर उचलतो. ‘फाइल सापडत नाही’ म्हटलं की चिठ्ठीच नाही, डेव्ह पॅकेज टाकायचं राहिलं. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हटलं की चिठ्ठी वाचली पण गाठ मिळाली नाही. तुझा प्रकार तिसरा. चिठ्ठी आहे, पण नव्या मालाची. जुन्या मालाचं जे नाव पीएचपी शोधतोय ते तिच्यावरून काढून टाकलंय.

डेबियन १२ वर ओपनएसएसएल ३.० आहे. पीएचपीने ३ ला आधार दिला तो ८.१ पासून. ७.४ ला १.१.१ लागतं.

वाट अशी: १.१.१ मालिकेची शेवटची ‘डब्ल्यू’ आवृत्ती आण, ११ सप्टेंबर २०२३ ची. ती ‘/ऑप्ट’ खाली वेगळ्या फोल्डरमध्ये बांध, सिस्टिमच्या ओपनएसएसएलला हात लावू नकोस. मग पीएचपीला कॉन्फिगर देताना ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ त्या फोल्डरच्या पीकेजीकॉन्फिगकडे वळव. आणि लिंकरला आर-पाथ (चालवताना लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता) दे, नाहीतर बांधून होईल आणि चालवताना ‘लिबएसएसएल.एसओ.१.१ उघडता येत नाही’ म्हणेल.

नंदुरबारची_मिरची · शुक्रवार, सकाळी १०:०५

काकांची वाट बरोबर आहे, पण एक खड्डा सांगते. सरकीभाऊंनी कर्ल (नेटवरचे पत्ते उघडणारी लायब्ररी) पण लावलंय. डेबियनचं लिबकर्ल ओपनएसएसएल ३ वर बांधलेलं आहे. म्हणजे एकाच पीएचपीच्या पोटात १.१ आणि ३ दोन्ही उतरणार. चालतं कधी कधी. मी असं चालवलेलं नाही, चालवणारही नाही.

त्यापेक्षा, भाऊ, तुमच्या प्रोग्रामला ओपनएसएसएल एक्स्टेन्शन लागतं तरी का? ग्रेप करून (फायलींत शोधून) बघा. ‘ओपनएसएसएल_’ ने सुरू होणारी फंक्शनं, आणि ‘फाइल_गेट_कंटेंट्स’ मध्ये एचटीटीपीएसचा पत्ता.

सरकी_रुई · शुक्रवार, दुपारी १२:२०

ओपनएसएसएल_ वालं एकही नाही. फाइल_गेट_कंटेंट्स एकाच ठिकाणी आहे, शेतकऱ्याला वजनाचा एसएमएस जातो त्या फाइलमध्ये. कॉन्फिगरमध्ये ‘विथ-ओपनएसएसएल’ मी का लिहिलं विचाराल तर एका ब्लॉगवरून पूर्ण ओळ उचलली होती. त्यात जीडी, सोप, एलडॅप, इमॅप सगळंच होतं.

नंदुरबारची_मिरची · शुक्रवार, दुपारी १२:३५

मग ती एक जागा कर्लवर न्या, आठ-दहा ओळी होतील. कर्ल एचटीटीपीएस स्वतःच्या जोरावर बोलतं, त्याला पीएचपीचं ओपनएसएसएल लागत नाही. कॉन्फिगरमधून ओपनएसएसएल काढा. आणि एलडॅप (मोठ्या ऑफिसांतली लॉगिनची व्यवस्था)? जिनिंगमध्ये?

वरणबट्टी · शुक्रवार, दुपारी १२:४०

हमालांचं लॉगिन एलडॅपवर, वा भो!

सरकी_रुई · शुक्रवार, संध्याकाळी ६:५५

ओपनएसएसएल काढलं, बाकीची खोगीरभरती पण काढली. त्या फाइलच्या पुढे गेलो. आता फाइलइन्फो या एक्स्टेन्शनवर, ॲप्रेंटिस नावाच्या फाइलशी मेक मेलं. या वेळी शहाणा झालोय, लॉगमधली पहिली ओळ देतो: ‘फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१’. कोणी मारलं?

तापीकाठचा · शुक्रवार, संध्याकाळी ७:१०

कर्नलने. रॅम किती?

सरकी_रुई · शुक्रवार, संध्याकाळी ७:१२

२ जीबी. स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) केलेलं नाही. आणि डेस्कटॉप पण चालू आहे, माऊस लागतो मला.

तापीकाठचा · शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

‘डीमेसेज’ बघ, ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ असेल. फाइलइन्फो बांधताना एकच फाइल भरपूर रॅम खाते, आणि तू -जे४ ने चार जणांना एकाच ताटावर बसवलंस. २ जीबीची स्वॅप फाइल कर, डेस्कटॉप बंद कर, ‘मेक’ नुसतं दे, जे नकोच. प्रोग्रामला फाइलइन्फो लागत नसेल तर ‘डिसेबल-फाइलइन्फो’ देऊन तेही गाळता येतं.

सरकी_रुई · शनिवार, दुपारी ४:३०

स्वॅप केला, डेस्कटॉप बंद, जे नाही. फाइलइन्फो पार पडलं. आणि आता हे, अक्षरशः डोकं फिरलंय:

दुपारी १२ ला: ‘इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’, झेंडच्या (पीएचपीच्या इंजिनच्या) एका फाइलवर. परत मेक दिलं, ती फाइल नीट झाली आणि एमबीस्ट्रिंगच्या फाइलवर तीच एरर. परत दिलं, तीही झाली, तिसऱ्याच फाइलवर पडलं. शेवटी लिहितं की हा बग पुन्हा घडवता आला नाही, बहुतेक हार्डवेअर किंवा ओएसचा दोष असेल. जीसीसी बिघडला का? नवीन जीसीसी सोर्समधून बांधू का?

वरणबट्टी · शनिवार, दुपारी ४:३४

कोणीतरी याले धरा रे.

नंदुरबारची_मिरची · शनिवार, दुपारी ४:५०

नको नको नको. जीसीसीने स्वतःच निदान लिहून दिलंय. दर वेळी त्याच फाइलच्या त्याच ओळीवर पडला असता तर कोड किंवा कंपायलरवर संशय घेतला असता. दर वेळी वेगळ्या फाइलवर पडतोय, आणि तीच फाइल दुसऱ्या खेपेला सरळ जातेय, म्हणजे मशीन हिशेबात चुकतंय. रॅम खराब, नाहीतर प्रोसेसर तापलाय.

खोलीत किती तापमान आहे?

सरकी_रुई · शनिवार, संध्याकाळी ५:०५

बाहेर ४४. खोलीला वर पत्रा. कूलर आहे, पण तो काट्यावाल्या काकांकडे तोंड करून आहे.

तापीकाठचा · शनिवार, संध्याकाळी ५:२०

पूर्वी नवी रॅम आणली की लोक लिनक्सचा कर्नल बांधून बघायचे. कंपायलरइतकी मेमरी आणि प्रोसेसर दोन्ही पिळून काढणारं दुसरं रोजच्या वापरातलं काम नाही. तुझा पावतीचा प्रोग्राम या मशीनवर वर्षानुवर्षं चालला कारण तो दिवसातून शंभर वेळा एक सेकंद काम करतो. मेक दोन तास सलग पळवतं.

एलएम-सेन्सर्स (तापमान दाखवणारा प्रोग्राम) टाक आणि मेक चालू असताना आकडा बघ. मग बाजूचं झाकण उघड. जिनिंगमध्ये पीसी किती वर्षं आहे?

सरकी_रुई · रविवार, सकाळी १०:१५

सहा वर्षं. मेक चालू असताना सेन्सर्स ९६ दाखवत होता.

सकाळी झाकण उघडलं. फोटो इथे चढत नाहीये, वर्णन करतो. पंखा फिरत होता, पण पंखा आणि हीटसिंकच्या मधे रुईची गादी जमली होती. धूळ नाही, गादी. बोटाने धरून ओढली तर एका तुकड्यात, हीटसिंकच्या पात्यांच्या रेघा उमटलेली, पापुद्र्यासारखी निघाली. मामा म्हणाले, हीच रुई आधी वेचली असती तर एक उशी झाली असती. पंखा उलटा करून पाहिला तर त्याच्या कण्यालाही धागे गुंडाळलेले. कापूस जसा रोलरला गुंडाळतो तसेच.

पात्यांमधून ब्रश फिरवला, दुकानातून थर्मल पेस्ट आणून लावली, रॅमची पट्टी काढून परत बसवली. रात्री मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावणार. मेकसुद्धा रात्रीच.

पुण्यातला_खान्देशी · रविवार, सकाळी ११:००

डॉकर टाकला असता तर ही गादी कधी सापडलीच नसती. हे मी डॉकरच्या विरोधात बोलतोय, नोंद घ्यावी.

नंदुरबारची_मिरची · रविवार, सकाळी ११:२०

हंगामात सापडली असती, गेटवर पन्नास ट्रॅक्टर उभे असताना :)

इन्स्टॉल करण्याआधी एक बघा भाऊ. ‘प्रीफिक्स’ला ‘/ऑप्ट/पीएचपी७४’ असं वेगळं घर दिलंय ना? पीएचपीच्या मेकमध्ये अनइन्स्टॉल नाही. सिस्टिममध्ये सांडलं तर वेचत बसाल. वेगळ्या घरात असलं की दिवाळीला ८ वर गेल्यावर एक फोल्डर उडवायचा.

सरकी_रुई · सोमवार, सकाळी ११:३०

मेमटेस्ट साफ. मेक रात्री दीडला सुरू केलं, कूलर या वेळी मशीनकडे वळवून. सेन्सर्स ७० च्या वर गेला नाही. एकही एरर नाही. मेक इन्स्टॉल, वेगळ्या घरात. एफपीएमची (पीएचपी चालवणाऱ्या सर्व्हिसची) ‘.डिफॉल्ट’ वाली कॉन्फिग फाइल नाव बदलून ठेवली, एनजिनएक्स वेब सर्व्हर जोडला, लॉगिनचं पान उघडलं.

सकाळी मामांचा रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढवून चाचणीची पावती काढली. वजन बरोबर, एसएमएस पण आला. मामांनी पावती हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘पहाटे पावणेसहाला काटा कोणी उघडला?’

पावतीवर वेळ ५:४२. भिंतीवरच्या घड्याळात ११:१२. डेट टंकलं तर ११:१२. सेल नवा आहे हो!

नंदुरबारची_मिरची · सोमवार, सकाळी ११:३६

साडेपाच तासांचा फरक म्हणजे सेल नाही, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. सोर्समधून बांधलं की पीएचपी.आयएनआय (पीएचपीच्या सेटिंगची फाइल) आपोआप बसत नाही आणि ती नसली की पीएचपी यूटीसी धरतं. सोर्सच्या फोल्डरमधली ‘पीएचपी.आयएनआय-प्रॉडक्शन’ उचला, ‘/ऑप्ट/पीएचपी७४/लिब’ मध्ये ‘पीएचपी.आयएनआय’ नावाने ठेवा, ‘डेट.टाइमझोन’ला ‘एशिया/कोलकाता’ द्या, एफपीएम परत सुरू करा.

सरकी_रुई · सोमवार, सकाळी ११:५२

११:५० ची पावती निघाली. मामांनी ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली, मग खिशातल्या मोबाइलशी, आणि काट्याच्या खोलीत दोऱ्याला टांगली.

वरणबट्टी · सोमवार, सकाळी ११:५५

व्हई गयं ना भो! आते ट्रॅक्टर काट्यावरून उतारा.